स्टॉप मोशन स्टुडिओ: कागदी बैल चालवायला फुकटचं ॲप पुरतं का?

पुरतं. स्टॉप मोशन म्हणजे वस्तू थोडी थोडी सरकवत एकेक फोटो (फ्रेम) काढायचा आणि ते जोडून ती हलताना दाखवायची; हे ॲप तेच करतं. पैसे भरून मिळणारी हिरव्या पडद्याची सोय, म्हणजे मागचा हिरवा रंग काढून तिथे दुसरं चित्र घालणं, कागदाच्या कामाला लागतच नाही. खरी किंमत आहे ती आधीची फ्रेम पुसट दाखवणाऱ्या सोयीला. पोळ्याच्या बैलाचा पाय किती सरकला हे त्यावरच कळतं. सेकंदाला १२ फ्रेम धरल्या तर दहा सेकंदांना १२० फोटो. सुरुवातीला २ मिलिमीटर, मग ४, मग ८ आणि थांबताना पुन्हा ४, २ असं सरकवलं की चालीला वजन येतं. सारख्याच अंतराने सरकवलेला बैल घसरत गेल्यासारखा दिसतो.

सगळ्यात आधी फोकस, एक्स्पोजर (फोटो किती उजळ) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) लॉक करा. हे ऑटोवर राहिलं तर काळा बैल फ्रेममध्ये शिरताच मागचा कागद उजळतो आणि व्हिडिओ लुकलुकतो. काही स्वस्त अँड्रॉइड फोनवर हे पर्याय पूर्ण मिळत नाहीत, तो दोष फोनच्या कॅमेऱ्याचा. तिथे मागे पांढऱ्याऐवजी खाकी कागद लावला की फरक बराच कमी होतो.

उजेडाचं मात्र ॲप काही करू शकत नाही. श्रावणात खिडकीपाशी शूटिंग नकोच, ढग आला की उजेड बदलतो. रात्री दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत ९ वॅटचे दोन एलईडी लावा, आणि लोडशेडिंगचं वेळापत्रक बघूनच बसा. पंखा बंद. मे महिन्यात विदर्भात ही तपश्चर्याच, पण वाऱ्याने शेपटी हलली की शॉट गेला.

फोन दोन स्टुलांवर टेकवलेल्या फळीच्या भोकातून सरळ खाली बघेल असा ठेवा, कागदापासून ४० सेंटिमीटरवर. बटण दाबताना फोन हलतो, म्हणून ठरावीक सेकंदांनी आपोआप फोटो घेणारा टायमर वापरा. बैल कार्डशीटचा. सांध्याच्या जागी आधी सेलोटेप चिकटवून मगच सुईने भोक पाडा, दोरा ओवून दोन्हीकडे गाठ मारा. टेप नसेल तर भोक मोठं होतं आणि पाय लोंबतो. पावसाळ्यात कागद वाकतो, त्यावर काच ठेवावी लागते. तेव्हा दिवे खाली आणा, नाहीतर काचेत तेच चमकतात.

हात आलेली फ्रेम लगेच काढून टाका. तिथे नवा फोटो घालता येतो, मात्र बैल तोवर हलवलेला नसावा.