पॉवरटॉप: लॅपटॉपची बॅटरी नेमकं कोण खातंय, हे शोधणारं साधन

लॅपटॉप नुसता उघडा ठेवलाय, काहीच चालू नाही, तरी बॅटरी भराभर उतरते. अशा वेळी बोट प्रोसेसरकडे किंवा पडद्याच्या उजेडाकडे दाखवलं जातं. पण पुष्कळदा दोष बसवरच्या, म्हणजे उपकरणं प्रोसेसरशी जोडणाऱ्या मार्गावरच्या, वर्दळीचा असतो. यूएसबी, पीसीआयई (वायफाय कार्डासारखे आतले भाग जोडणारी) किंवा साटा (डिस्क जोडणारी) जोडणीवरचं एखादं उपकरण काम नसतानाही जागं राहतं आणि त्याच्यापायी अख्खी चिप जागी राहते. लिनक्सवर हे शोधायला पॉवरटॉपइतकं थेट साधन दुसरं नाही. इंटेलने २००७ साली ते मोफत आणि मुक्त परवान्याखाली आणलं. उबुंटू, डेबियन, फेडोरा या सगळ्यांवर ते एका आज्ञेत बसवता येतं. निदानासाठी त्याला पूर्ण गुण. त्यातला सगळी सेटिंग एकदम बदलणारा ‘ऑटो-ट्यून’ हा पर्याय मात्र डोळे झाकून वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी मोजणी. चार्जर काढा, उजेड एका पातळीवर ठेवा, ब्राउझर बंद करा आणि रूट (प्रशासक) अधिकाराने पॉवरटॉप चालवा. आकडे दर २० सेकंदांनी बदलतात. बॅटरीचा स्वतःचा आकडा सावकाश हलतो, म्हणून पाचेक मिनिटं थांबून मगच डिस्चार्जचा दर टिपा. ५० वॅट-तासांच्या बॅटरीवर ६ वॅट खर्च असेल तर सुमारे ८ तास २० मिनिटं मिळतात, ५ वॅटवर १० तास. एका वॅटने एवढा फरक पडतो, म्हणूनच हा खटाटोप.

खरं मोल दुसऱ्या टॅबचं आहे: ‘आयडल स्टॅट्स’. त्यात कोअर (प्रोसेसरचे काम करणारे भाग) किती वेळ झोपले आणि पूर्ण पॅकेज (म्हणजे अख्खी चिप) किती वेळ झोपलं, हे वेगवेगळं दिसतं. बिघाडाचं ठरलेलं चित्र असं: कोअर ९५ टक्के वेळ गाढ झोपेत, पण पॅकेज मात्र पीसी२ किंवा पीसी३ वर अडकलेलं (पीसी म्हणजे पॅकेजच्या झोपेची पातळी, आकडा मोठा तितकी झोप गाढ). याचा अर्थ प्रोसेसरला काम नाही, तरी कुणीतरी मेमरीकडे जाणारा रस्ता उघडा ठेवायला लावतंय. पीसीआयईची एखादी लिंक एल१ या झोपेच्या अवस्थेत उतरत नसेल, साटा लिंक पूर्ण वेगात ताटकळत असेल किंवा एखादं उपकरण ‘मला चटकन उत्तर हवं’ असं कळवत असेल, तर पॅकेजला सहसा पीसी३ च्या पलीकडे जाता येत नाही. पडदा चालू असताना पीसी१० दिसला नाही तर मात्र लगेच बिघाड समजू नका. १९२०×१०८० चा पडदा सेकंदाला ६० वेळा रंगवायचा, प्रत्येक बिंदूला ४ बाइट, म्हणजे कॉम्प्रेशन नसेल तर मेमरीतून सेकंदाला जवळपास ५०० एमबी वाचन झालंच. पॅनेल सेल्फ रिफ्रेश (चित्र पडद्यानेच साठवून दाखवत राहण्याची सोय) असलेल्या पडद्यात स्थिर चित्रासाठी ही वर्दळ थांबते.

आता ‘ट्यूनेबल्स’ टॅब. इथे प्रत्येक ओळीपुढे ‘गुड’ किंवा ‘बॅड’ असतं. एंटर दाबलं की सेटिंग बदलतं आणि त्यामागची आज्ञा वर दिसते. ती उतरवून घ्या, पुढे लागते. एका वेळी एकच ओळ बदला, मग आकडे दोन-तीनदा बदलेपर्यंत थांबून पॅकेजचे टक्के पाहा. कार्ड रीडर, इथरनेट चिप, साटा लिंक हे नेहमीचे संशयित, तिथून सुरुवात करा. सगळ्या ओळी एकदम ‘गुड’ केल्या तर फायदा कशाने झाला आणि बिघडलं कशाने, दोन्ही कळत नाही.

ऑटो-ट्यून नेमकं हेच करतं आणि सगळ्यात आधी यूएसबीवर फटका बसतो. यूएसबी ऑटोसस्पेंडची (रिकामं उपकरण आपोआप झोपवण्याची) मूळ मुदत २ सेकंद आहे. माऊस दोन सेकंद हलला नाही की झोपतो आणि काही माऊस नुसते हलवून जागे होत नाहीत, क्लिकच करावं लागतं. बाहेरच्या कीबोर्डवर पहिलं अक्षर गळतं. म्हणून माऊस, कीबोर्ड आणि यूएसबी साउंड कार्ड ‘बॅड’च राहू द्या. वेबकॅम, बोटांचा ठसा वाचणारा सेन्सर, ब्लूटूथ यांना झोपू दिलं तर सहसा बिघडत नाही. एक लक्षात ठेवा, वायरलेस माऊसचा रिसीव्हर लावून ठेवला आणि तो झोपत नसेल तर त्याचा यूएसबी कंट्रोलरही झोपू शकत नाही. प्रवासात तो काढून ठेवलेला बरा.

साटा डिस्कसाठी पॉवरटॉपच्या जुन्या आवृत्त्या ‘मिन पॉवर’ (किमान खर्च) सुचवत. काही एसएसडींवर त्याने डेटा खराब झाल्याची उदाहरणं आहेत. कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.१५ पासून ‘मीडियम पॉवर विथ डीआयपीएम’ (डीआयपीएम म्हणजे डिस्कने स्वतःहून लिंक झोपवणं) हा मधला पर्याय आहे, तोच निवडा. फेडोरा २८ ने तो २०१८ मध्ये लॅपटॉपसाठी मूळ सेटिंग म्हणून घेतला.

एनव्हीएमई डिस्कची (पीसीआयईवर चालणाऱ्या एसएसडीची) झोप पॉवरटॉपच्या यादीत दिसत नाही, ही मोठी उणीव. ती कर्नल ४.११ पासून आपोआप चालते आणि झोपेतून उठायला किती उशीर चालेल याची मूळ मर्यादा १,००,००० मायक्रोसेकंद आहे. डिस्क मध्येच गायब होऊन फाइल सिस्टीम फक्त-वाचन होत असेल, तर बूटच्या वेळी ही मर्यादा ५,५०० करून बघा. तरीही थांबलं नाही तर शून्य करा, म्हणजे ही झोप पूर्ण बंद होते. खर्च थोडा वाढेल, पण डेटा वाचेल.

पीसीआयईच्या बाबतीत बायोसने ‘एएसपीएम (लिंक आपोआप झोपवण्याची सोय) नाही’ असं सांगितलं असेल, तर कर्नल तिथे हात लावत नाही. बूटच्या वेळी सक्ती करता येते, पण त्यात वायफाय कार्ड नाहीसं होणं, मशीन गोठणं असे धोके आहेत. बायोस अपडेट आधी, सक्ती शेवटी.

प्रत्येक उपकरणापुढे दिसणारे वॅट हे प्रत्यक्ष मोजमाप नसून अंदाज आहेत. बॅटरीवर कॅलिब्रेशन केल्यावर ते सुधारतात. त्या वेळी पडदा मिटतो, नेटवर्क तुटतं, तेव्हा उघडी कामं आधी सेव्ह करा. तरी निर्णय एकूण डिस्चार्जच्या दरावरच घ्या. एएमडी प्रोसेसरवर पॅकेजच्या झोपेची ही खोल माहिती मिळत नाही, म्हणजे साधनाचा अर्धा उपयोग तिथेच संपतो.

पॉवरटॉपने केलेले बदल रीबूटनंतर पुसले जातात. टिकवायचे असतील तर टिपून घेतलेल्या आज्ञांवरून यूडेव्ह (उपकरण सापडताच सेटिंग लावणारी लिनक्सची यंत्रणा) नियम लिहा किंवा टीएलपी हे बॅटरी वाचवणारं साधन बसवा. टीएलपी यूएसबी माऊस आणि कीबोर्ड स्वतःहून वगळतं आणि बाकी अपवाद त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिता येतात. फक्त टीएलपी, पॉवर प्रोफाइल्स डीमन (वीजखर्चाचे मोड बदलणारी सेवा) आणि पॉवरटॉपची ऑटो-ट्यून सेवा एकत्र ठेवू नका, ती एकमेकांची सेटिंग पुसतात. कर्नल अपडेट झाल्यावर पॉवरटॉपचा एचटीएमएल अहवाल काढून आधीच्या अहवालाशेजारी ठेवा. पॅकेजचा आकडा पुन्हा पीसी३ वर आला असेल तर नवं ड्रायव्हर कुठली लिंक उघडी सोडतंय, तिथून शोध सुरू करता येतो.