विच हेझल: रायवळ लावायचं की कलमी?

न्यू जर्सी-मॅसॅच्युसेट्सकडे घर घेतलेली मराठी मंडळी पहिल्या हिवाळ्यात हमखास विचारतात, "या थंडीत अंगणात काही फुलतं का हो?" फुलतं, विच हेझल नावाचं झुडूप. पण नर्सरीत त्याचे दोन प्रकार समोर येतात आणि तिथं घोळ होतो.

एक इथल्याच जंगलातलं, हॅमामेलिस व्हर्जिनियाना. मी त्याला रायवळ म्हणते. हे ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलतं, पण नेमकी तेव्हाच पानंही पिवळी झालेली, त्यामुळे पानगळ होईपर्यंत फूल नजरेत भरत नाही. खरी गंमत बोंडांची. गेल्या वर्षीच्या फुलांची बोंडं यंदाच्या फुलांशेजारीच पिकतात आणि तडकली की काळं तुकतुकीत बी कित्येक फूट लांब उडवतात. औषधाच्या दुकानातला विच हेझलचा अर्क याच झाडाचा. त्याच्या सालीचा काढा इथले मूळ रहिवासी आधीपासून वापरत. नावातल्या 'विच'चा चेटकिणीशी संबंध नाही, तो 'लवचीक' अर्थाचा जुना इंग्रजी शब्द. मात्र याची दुबेळकी फांदी हातात धरून जमिनीखालचं पाणी शोधायची रीत होती. आपला पाणाड्याच की! (पाणी लागायचं का, ते विचारू नका.)

दुसरं कलमी, 'अर्नोल्ड प्रॉमिस'. चिनी आणि जपानी जातींचा हा संकर बॉस्टनच्या अर्नोल्ड आर्बोरेटम या वृक्षोद्यानानं १९६३ साली बाहेर आणला. फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण फांद्यांवर फुलतो. चार पाकळ्या, चुरगळलेल्या पिवळ्या रिबिनीसारख्या. कडाका पडला की गुंडाळून घेतात, ऊन आलं की पुन्हा उलगडतात. गोडसर वासही येतो.

स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर जागा असेल तर डोळे मिटून कलमी घ्या. मागच्या कुंपणाशी मोठ्या झाडांची सावली असेल तर रायवळच बरं, त्याला ती सवयीची. दोन्ही पंधरा-वीस फुटांपर्यंत जातात, तेव्हा भिंतीला खेटून लावू नका.

कलमीची एक खोड मात्र आहे. ज्या मुळाकडच्या रोपावर कलम बांधतात, तो खुंट बहुधा रायवळचाच असतो आणि बुडातून फुटवे काढतो; ते वेळच्या वेळी मुळापासून काढायचे. आमच्याकडून राहिले. तिसऱ्या वर्षी झाड ऑक्टोबरातच फुललं, म्हणून आम्ही खूश. खाली वाकून पाहिलं तर फुललेली प्रत्येक फांदी कलमाच्या सांध्याखालून आलेली.