डरनेस ते थर्सो, मोटरहोममधून, कुत्र्यासह: नॉर्थ कोस्ट 500च्या एका टप्प्याचा रिव्ह्यू

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला वळसा घालणारा नॉर्थ कोस्ट 500 हा मार्ग 516 मैलांचा. इनव्हर्नेसहून निघून तिथेच परत येणारा, 2015पासून या नावाने चालणारा. कुत्रा बरोबर असेल तर सगळा मार्ग आठवड्यात उरकण्याचा हट्ट सोडावा. एकच दिवस असेल तर डरनेस ते थर्सो हा टप्पा घ्यावा. अंतर साधारण 115 किलोमीटर, गाडी चालवण्याचे निव्वळ दोन-अडीच तास, आणि वाटेत कुत्र्याला उतरवता येईल अशा किमान पाच-सहा पुळणी. पश्चिमेकडचा ब्यालख ना बा घाट (626 मीटर) मोटरहोमवाल्यांनी, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी घेऊन फिरणाऱ्यांनी, यादीतूनच काढावा. मोठ्या गाड्यांनी आणि कॅरॅव्हॅननी (गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरांनी) इकडे येऊ नये, हे घाटाच्या सुरुवातीची पाटीच सांगते.

आधी गाडी. या रस्त्यासाठी सहा मीटरची पॅनेल व्हॅन, म्हणजे मालवाहू व्हॅनच्या मूळ पत्र्याच्या आतच घर बसवलेली गाडी, उत्तम. फियाट डुकॅटोच्या पत्र्याची रुंदी आरसे सोडून 2.05 मीटर. घरासारखी पेटी बसवलेलं सात मीटरचं मोटरहोम 2.3 मीटरपर्यंत जातं. कागदावर हा फरक वीतभर, पण एकाच गाडीच्या रुंदीच्या एकेरी रस्त्यावर समोरून लाकडाचा ट्रक आला की तेवढ्यावरच सगळं ठरतं. पॅनेल व्हॅनमध्ये मागच्या आडव्या पलंगाखाली मध्यम कुत्र्याचा पिंजरा बसतो. बुकिंगआधी तिथली उंची मोजून मागवा, पिंजरा तळाच्या कड्यांना पट्ट्यांनी आवळा आणि आजूबाजूला हवा खेळेल एवढी जागा ठेवा. पिंजरा नको असेल तर छातीचा हार्नेस सीटबेल्टला अडकवा. चालत्या गाडीत कुत्रा बांधलेला असावा, हे ब्रिटनच्या हायवे कोडमध्येच (नियम 57) आहे. भाड्याच्या गाडीत कुत्रा चालतो का आणि केसांच्या सफाईचे वेगळे पैसे लागतात का, दोन्ही लेखी घ्या. भारतातून फिरायला येणाऱ्यांना भारतीय लायसन्सवर 12 महिने 3,500 किलोपर्यंतची गाडी चालवता येते, मात्र भाड्याने देणाऱ्यांच्या वयाच्या आणि अनुभवाच्या अटी त्याहून कडक असतात.

टप्प्याचा पहिला अर्धा भाग एकेरी रस्त्याचा आहे. समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी कडेला ठरावीक अंतराने रुंद जागा केलेल्या असतात. अशी थांबायची जागा डावीकडे असेल तर आत शिरायचं. उजवीकडे असेल तर आपल्याच बाजूला तिच्यासमोर थांबायचं, म्हणजे समोरचा त्या जागेतून वळसा घेऊन निघतो. मागे स्थानिक गाडी अडकली असेल तर तिला पुढे जाऊ द्या, आणि या जागांत फोटोसाठी किंवा चहासाठी गाडी लावू नका. दोन मोटरहोम एकामागोमाग चिकटून गेली तर एका जागेत मावत नाहीत आणि दोन्ही बाजू तुंबतात. सतत ब्रेक लागत राहतो, म्हणून कुत्र्याचं जेवण निघण्याच्या तीन तास आधी आटपा. उलटी होते ती बहुतेक वेळा वळणांपेक्षा या हिसक्यांनी.

सकाळ डरनेसला. सांगो सँड्स हा कॅम्प थेट कड्यावर, खाली पुळण. इथला वारा हीच खरी सोय. मिज नावाची चिलटं मे ते सप्टेंबर छळतात, पण ताशी दहा-बारा किलोमीटरचा वारा असला की त्यांना उडताच येत नाही. त्यामुळे दरीतल्या आडोशाच्या जागेपेक्षा उघडा कडा बरा. माणसांचं डीट (DEET) असलेलं, किडे पळवणारं औषध कुत्र्याला कधीही लावू नका, ते चाटून विषबाधा होते. जूनमध्ये पहाटे चारच्या सुमारास उजाडतं. खिडक्यांचे पडदे नीट ओढले नाहीत तर कुत्रा तुम्हाला तेव्हाच उठवेल.

स्मू गुहेत उतरायला पायऱ्या आहेत. बाहेरच्या दालनात पट्ट्यावरचा कुत्रा सहज जातो. पुढे कियानाबेन पुळण, मग लांबलचक लॉक एरिबॉल. युद्ध संपल्यावर मे 1945मध्ये जर्मन पाणबुड्या शरण आल्या त्या याच खाडीत. टंग गावाजवळ 1971चा बांध खाडी ओलांडतो, आणि ओहोटीला दोन्ही बाजूंना वाळूचे पट्टे उघडे पडतात.

या टप्प्यावर पट्टा सोडण्याचा मोह सर्वात जास्त होतो आणि सर्वात महागही पडतो. मेंढ्या कुंपणाविना रस्त्यावर, वाळूच्या टेकड्यांवर आणि थेट वाळूतही बसलेल्या असतात. मेंढ्यांमागे धावणाऱ्या कुत्र्याच्या मालकाला 2021च्या कायद्याने 40,000 पौंडांपर्यंत दंड किंवा वर्षभराची कैद होऊ शकते. एप्रिल ते जुलै जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा काळ, तेव्हा वाळूच्या टेकड्यांवर पट्टा आखूडच हवा. दहा मीटरची लांब दोरी आणि मोकळी पुळण, एवढं कुत्र्याला पुरतं. बेटीहिलला स्ट्रॅथनेव्हर म्युझियमपाशी गाडी लावून टेकड्यांतून ‘फार बे’ या पुळणीपर्यंत चालत जाणं, हा दिवसातला सर्वात चांगला तास. वाळूवर पांढरे, मेणासारखे गोळे दिसले तर कुत्र्याला लांब ठेवा. ते वाहून आलेलं पामतेल असू शकतं. खारं पाणी प्यायला तर ओकारी आणि जुलाब होतात, म्हणून पुळणीवरही गोडं पाणी जवळ ठेवा.

परतल्यावर काखा, कानामागची घडी आणि बोटांमधली जागा बघा. गोचीड दिसली तर खाचेच्या हुकने कातडीलगत पकडून फिरवत काढा. तिच्यावर तेल ओतू नका. ती पोटातलं ओकते आणि रोगाचा धोका वाढतो.

वाळू आणि केस हे गाडीचे शत्रू. कुत्र्याला आतल्या शॉवरमध्ये धुतलं की वाळू मोरीच्या पाइपच्या वळणात बसते आणि सांडपाण्याची टाकी वास मारू लागते. बाहेरच, बादलीने पाय धुवा. ओले टॉवेल आत वाळवले तर काचांवर पाणी साचतं, म्हणून छताची खिडकी बोटभर उघडी ठेवा. कुत्र्याची शी कॅसेटमध्ये (गाडीतल्या संडासाच्या काढता येणाऱ्या टाकीत) टाकू नका, पिशवीत बांधून कचरापेटीत टाका.

टप्प्याला पाचापैकी चार गुण. एक कापला तो रसायनवाली कॅसेट रिकामी करण्याच्या जागा विरळ असल्यामुळे. डरनेसहून निघतानाच कॅसेट रिकामी करा, पाण्याची टाकी भरा आणि डिझेल घ्या. स्कॉटलंडचा मोकळ्या फिरण्याचा हक्क तंबूवाल्यांना मिळतो, मोटरवाहनांना नाही, म्हणून रात्रीची जागा आधी ठरवा. थर्सोला सुपरमार्केट आणि पशुवैद्य दोन्ही आहेत. पंजा कापला असेल तर दुपारीच तिकडे निघा.