नेपियर-लसूणघासावर आठ महिने: फॅटचा आकडा तोच, तूप वेगळं

संकलन केंद्रावर फॅटचा आकडा वाढावा म्हणून कुणी हिरव्या वैरणीचा विचार करत असेल तर त्यानं तो सोडून द्यावा. आकडा वाढत नाही. एकाच गोठ्यात वाडं (उसाचे हिरवे शेंडे) आणि पेंडीवरच्या गायींना ३.८ लागत होतं तेव्हा हिरव्यावरच्या गायींना ३.६ लागत होतं. बदलतं ते फॅट कशाचं बनलंय ते. मशीनला त्याचा पत्ता नसतो, तुपाच्या बरणीत मात्र स्पष्ट दिसतं.

गोठा सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातला, काळी बागायती जमीन. चार संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायी, वजन ४०० ते ४५० किलो, दूध दिवसाला १२ लिटरच्या आसपास. चारही ऑगस्टमध्ये व्यालेल्या. हे महत्त्वाचं आहे, कारण वेत पुढं सरकतं तसं दूध घटून फॅट आपोआप चढतं आणि लोक त्याचं श्रेय वैरणीला देऊन मोकळे होतात. ऑक्टोबर ते जानेवारी दोन गायी हिरव्यावर आणि दोन या भागातल्या नेहमीच्या खाण्यावर ठेवल्या: हंगामातलं फुकटचं वाडं, कडबा, सरकी पेंड, कांडी (गोळी पशुखाद्य). फेब्रुवारी ते मे चारही हिरव्यावर.

हिरव्यावर म्हणजे नुसत्या हिरव्यावर नव्हे. दिवसाला एका गाईला १८ किलो नेपियर (उंच वाढणारं चाऱ्याचं गवत), ७ किलो लसूणघास (ल्युसर्न), ५ किलो ज्वारीचा कडबा, ४ किलो खुराक, ५० ग्रॅम खनिज मिश्रण, ३० ग्रॅम मीठ. २५ किलो हिरव्यात कोरडा माल जेमतेम साडेचार किलो निघतो, बाकी पाणी. कडबा आणि खुराक धरून बेरीज साडेबारा किलोवर जाते. एवढ्या वजनाच्या गाईला तेवढं लागतंच. 'पाटीभर हिरवं टाकलं की झालं' म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडावा.

नेपियरची जात फुले जयवंत, १५ गुंठे, जूनमध्ये तीन बाय दोन फुटांवर लावलेला. लसूणघास आर. एल. ८८, १० गुंठे, ऑक्टोबरमध्ये पेरलेला, पहिली कापणी डिसेंबरात. तोपर्यंत नेपियर २५ किलो दिला. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत नेपियर मुका होतो, वाढतच नाही. तेव्हा लसूणघास जोरात असतो, पण त्या दिवसांत दोनच गायी त्यावर होत्या म्हणून निभावलं. चार असत्या तर कमी पडलं असतं.

सगळा खेळ पानाचा आहे. गवताच्या कोरड्या मालात फॅट दोन-तीन टक्केच, पण त्यातला निम्म्याहून जास्त भाग लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ओमेगा-३. ते राहतं पानाच्या हिरव्या भागात, दांड्यात नाही. म्हणून नेपियर ४५ दिवसांना कापायचा, जमिनीपासून अर्धा फूट ठेवून. रानाचे ४५ भाग पाडले की रोज ३४ चौरस मीटरचा एक तुकडा येतो. चुन्यानं रेघा मारल्या तर कापणारा चुकत नाही. कापणी ७० दिवसांवर गेली की नेपियर डोक्याच्या वर जातो, बघायला भरघोस दिसतो, पण तो मग बिनसाखरेचा ऊसच. गाईचं पोट भरतं, तुपात काही उतरत नाही.

पानातलं हे आम्ल सरळ दुधात येत नाही. कोठीपोटातले जीवाणू त्यातलं बहुतेक मोडून त्याचं संपृक्त फॅट करून टाकतात. अर्ध्या वाटेवर निसटलेलं एक आम्ल कासेत पोचतं आणि तिथला एक विकर (एन्झाइम) त्याचं सीएलए, म्हणजे कॉन्जुगेटेड लिनोलेइक आम्ल, हे मऊ फॅट बनवतो. आणि इथंच सरकी पेंड आडवी येते. सरकीतले काही घटक नेमका हाच विकर दाबतात. त्यामुळे दुधात स्टिअरिक आम्ल, म्हणजे घट्ट संपृक्त फॅट, जास्त राहतं आणि तूप टणक होतं. म्हणजे एका हातानं हिरवं घालायचं आणि दुसऱ्या हातानं दोन किलो सरकी पेंड, तर केलेलं निम्मं पाण्यात. पहिल्या महिन्यात पेंड तशीच ठेवली होती, तुपात फरक दिसला नाही. पेंड अर्ध्या किलोवर आणून उरलेली जागा मक्याचा भरडा आणि शेंगदाणा पेंडीनं भरल्यावर तीन आठवड्यांत दिसला. शेंगदाणा पेंड घेताना बुरशी नाकानं तपासावी आणि पोतं ओलाव्यापासून दूर ठेवावं. बुरशीचं विष दुधात उतरतं, तेव्हा तिथं स्वस्ताईच्या मागं लागू नये.

तुपाची तुलना नीट करायची तर बाकी सगळं सारखं हवं. दोन्ही गटांच्या दुधाची साय आठ दिवस वेगळी साठवली, एकाच विरजणानं लावली, लोणी सारख्याच वजनाचं घेऊन एकाच कढईत पाठोपाठ कढवलं, बेरी बदामी होताच उतरवलं, आणि एकसारख्या काचेच्या बरण्या एकाच फडताळात झाकून ठेवल्या. शेवटचं विसरू नये: तूप सावकाश निवलं की रवा मोठा पडतो, चटकन निवलं की बारीक. एक बरणी खिडकीत आणि एक चुलीजवळ ठेवली तर वैरणीचा फरक सोडून भलताच फरक मोजला जाईल.

जानेवारीतल्या सकाळी वाडं-पेंडीच्या बरणीत चमचा उभा राहिला; तूप फिकट, मेणासारखं, काढताना खापा निघाल्या. हिरव्याच्या बरणीत रवा खाली बसलेला, वर बोटभर पातळ सोनेरी थर, चमचा आपल्या वजनानं आत गेला. लोणी काढतानाच याची चुणूक लागली होती: हिरव्याचं लोणी ताकात नीट गोळा होईना, हाताला चिकटत राहिलं. त्याला फ्रीजचं गार पाणी लागतं, माठातलं पुरत नाही.

गिऱ्हाइकाची तक्रारही याच बरणीची. 'थिजत नाही, तेल घातलंय का?' टणक तूप म्हणजे शुद्ध तूप ही समजूत आपल्याकडं घट्ट आहे आणि ती सरकी पेंडीनं घडवलेली आहे. पिवळेपणालाही फार भुलू नये. गवतातलं बीटा कॅरोटीन गाईच्या फॅटमध्ये उतरतं म्हणून रंग येतो हे खरं. म्हैस त्याचं जीवनसत्त्व अ करून टाकते, म्हणून तिचं तूप कितीही हिरवं खाऊन पांढरंच. पण रंग बाहेरूनही घालता येतो.

आता आरोग्याचं. अमेरिकेत २०१८ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात नेहमीच्या दुधात ओमेगा-६ चं ओमेगा-३ शी प्रमाण ५.८ च्या जवळ होतं, सेंद्रिय दुधात २.३, आणि निव्वळ गवतावरच्या गायींच्या दुधात १ च्याही किंचित खाली. तिकडचं गवत थंड हवेतलं, कोवळं आणि गायी चरणाऱ्या. इथं नेपियर, तोही गव्हाणीत आणि वर ४ किलो खुराक. तेव्हा दिशा तीच, मजल तेवढी नाही. शिवाय एका लिटरमध्ये फॅट ३५ ग्रॅम, त्यातलं ओमेगा-३ चांगल्यात चांगलं एक टक्का धरलं तरी होतात ०.३५ ग्रॅम. एक चमचा जवसाच्या चटणीत याहून जास्त असतं. औषध म्हणून तूप विकणाऱ्यांनी हा आकडा जवळ ठेवावा. चव आणि पोत मात्र खरंच वेगळे आहेत, तेवढ्यावरही गिऱ्हाईक टिकतं.

त्रास काय झाले तेही सांगायला हवेत. एकदम हिरव्यावर नेलं की शेण पातळ होतं आणि फॅट घसरतं. कडब्यावरून हिरव्यावर जायला १२ ते १५ दिवस घ्यावेत, दर तीन दिवसांनी चार-पाच किलो वाढवत. फॅट बनायला लागणारं ॲसिटिक आम्ल तंतूपासून येतं, त्यामुळे ५ किलो कडबा कधीच तोडायचा नाही. कुट्टीही फार बारीक नको, एक इंचाची ठेवावी. पिठासारखी कुट्टी रवंथाला काही कामाची नाही. एवढं करूनही आकडा ३.२ च्या खाली गेला तर खुराक दोनऐवजी तीन वेळा विभागून द्यावा आणि दिवसाला १०० ग्रॅम खाण्याचा सोडा.

कोवळ्या नेपियरमध्ये ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. वाड्यालाही हाच दोष आहे. त्यावर चुन्याची निवळी शिंपडायची पद्धत आपल्याकडं जुनी आहेच. खनिज मिश्रण बंद केलं की पुढच्या वितात दूधज्वराच्या (कॅल्शियम घटून होणारा आजार) रूपानं त्याची किंमत मोजावी लागते.

लसूणघास दवासकट घातला तर पोटफुगी ठरलेली. सकाळी दहानंतर कापून दोन-तीन तास सावलीत सुकवावा, कुट्टी कडब्यात मिसळूनच गव्हाणीत टाकावी. उन्हात वाळवून ठेवायचा मोह टाळावा: वाळवताना कॅरोटीन आणि लिनोलेनिक आम्ल दोन्ही उडतात, आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच जातं. मुरघासात नुकसान कमी, पण होतंच.

केंद्रावर दूध घालणाऱ्याला या सगळ्याचे जादा पैसे मिळत नाहीत. दरपत्रक ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकी घन भाग) च्या भाषेत बोलतं. उलट दोन पॉइंट फॅटचे कापले जातात. खुराकात थोडी बचत होते तेवढीच. घरी तूप कढवून थेट विकणाऱ्यालाच हे परवडतं.

एक शेवटची अडचण दुधाच्या वासाची. हे फॅट मऊ म्हणून नाजूकही, लवकर खवट होतं. लसूणघास धारेच्या आधी घातला तर वास दुधात येतो, म्हणून धार झाल्यावरच घालावा. कल्हई उडालेली पितळी चरवी तर पूर्ण बाद: उघड्या तांब्या-पितळेला लागलेल्या दुधाला संध्याकाळपर्यंत पुठ्ठ्यासारखा वास येऊ लागला, स्टीलच्या किटलीतलं त्याच धारेचं दूध दुसऱ्या दिवशीही चांगलं होतं.