परदेशस्थ भावाचे आयकर विवरणपत्र : ठाण्यातील या करसल्लागार कार्यालयाचा अनुभव

माझे थोरले बंधू नोकरीनिमित्त दुबईत असतात आणि एकेका खेपेला कित्येक आठवडे समुद्रातील तेलविहिरीवर काढतात. त्यामुळे डोंबिवलीतील त्यांच्या फ्लॅटचे भाडे आणि एनआरओ खात्यातील (अनिवासी भारतीयांच्या भारतातील उत्पन्नासाठीच्या बँक खात्यातील) ठेवींचे व्याज यांचे विवरणपत्र भरण्याची जबाबदारी माझ्यावर आहे. २०२५-२६ या आकारणी वर्षासाठी हे काम मी या कार्यालयाकडे सोपवले.

येथे सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट अशी, की उत्पन्नाचे कागद उघडण्याआधीच सही कोण करणार, हे त्यांनी विचारले. आधी आम्ही ज्यांच्याकडे जात होतो, ते दादांचा पासवर्ड वहीत लिहून ठेवत आणि फोनवर ओटीपी मागवून विवरणपत्र दाखल करत. दादांच्या नावाने नेमके काय जाहीर झाले, हे ना दादांनी पाहिलेले असे, ना मी. येथील सीए मॅडमनी ती पद्धत स्पष्ट शब्दांत नाकारली. करदाता भारताबाहेर असेल तर त्याने रीतसर अधिकार दिलेली व्यक्ती त्याच्या वतीने विवरणपत्राची पडताळणी करू शकते, अशी तरतूद तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १४० मध्ये होती, मात्र त्यासाठी मुखत्यारपत्र लागते, हे त्यांनी समजावून सांगितले. आधारला जोडलेला मोबाइल चालू असेल किंवा नेटबँकिंग असेल तर दादा दुबईतूनही स्वतः ई-पडताळणी करू शकतील आणि मग मुखत्यारपत्राचा खर्च करण्याचे कारणच नाही, हेही त्यांनी त्याच बैठकीत सांगितले. ग्राहकाचा खर्च वाचवणारा मार्ग आधी सांगण्याचा हा प्रामाणिकपणा मला फार महत्त्वाचा वाटतो. दादांचा भारतातील क्रमांक मात्र केव्हाच बंद झाला होता, आणि विवरणपत्र दाखल केल्यापासून ३० दिवसांत पडताळणी व्हावी लागते; त्या मुदतीत ते किनाऱ्यावर असतीलच याची खात्री नव्हती. म्हणून मुखत्यारपत्राचा मार्ग ठरला.

आमच्याकडे एक जुने मुखत्यारपत्र होते. मॅडमनी ते हाती पेन्सिल घेऊन ओळीओळीने वाचले. त्यात भाडेकरार, सोसायटीची सभा, वीजजोडणी असे सगळे होते, पण आयकराचा शब्दही नव्हता. त्यांनी नवा मसुदा करून दिला आणि त्यात विवरणपत्रावर सही करणे, त्याची पडताळणी करणे आणि खात्याच्या नोटिशींना उत्तर देणे हे तिन्ही अधिकार वेगवेगळे लिहिले. दादांनी दुबईतील भारतीय वाणिज्य दूतावासात त्यावर साक्षांकन करून घेतले. परदेशात केलेले असे मुखत्यारपत्र महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते, याची आठवणही कार्यालयाने वेळेवर करून दिली. पुढे दादांनी आयकर पोर्टलवर आपल्या खात्यातून माझा पॅन देऊन मला अधिकृत केले, मी माझ्या खात्यातून ती विनंती स्वीकारली आणि अखेरची पडताळणी माझ्याच आधार ओटीपीने झाली.

विवरणपत्राच्या कामातही काळजी दिसली. अनिवासी व्यक्तीला आयटीआर-१ चालत नाही, म्हणून त्यांनी आयटीआर-२ भरले. भाड्यातून पालिकेला भरलेला मालमत्ता कर आणि नंतर ३० टक्के प्रमाणित वजावट धरली, तसेच एनआरओ ठेवींच्या व्याजावर बँकेने उपकरासह ३१.२ टक्के दराने कापलेला कर फॉर्म २६एएसशी (आयकर खात्याकडील करकपातीच्या नोंदीशी) ताडून पाहिला. एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असल्याने तो सगळा परतावा म्हणून मागता आला. अनिवासी घरमालकाला भाडे देताना भाडेकरूने (तेव्हाच्या कायद्यात कलम १९५ प्रमाणे) कर कापायचा असतो आणि भाडे थोडे असले तरी त्यातून सुटका नसते, ही गोष्ट आम्हाला येथेच प्रथम कळली. अंतिम मसुदा त्यांनी दादांना ई-मेलने पाठवला आणि त्यांचा लेखी होकार आल्यावरच तो दाखल केला.

एक तक्रार मात्र नोंदवायलाच हवी. मुदतीच्या आधीच्या दिवसांत येथे फोन उचलला जात नाही. त्या वर्षीची ३१ जुलैची मुदत आधी १५ आणि मग १६ सप्टेंबरपर्यंत वाढली, तेव्हा आमच्या कामाचे काय झाले हे समजण्यासाठी मला प्रत्यक्ष जावे लागले. परदेशातील नातेवाइकाला आपण उत्तर देणे लागतो, त्यामुळे ही ढिलाई खटकते. मुखत्यारपत्राच्या मसुद्याचे आणि विवरणपत्राचे शुल्कही पावतीवर वेगळे दाखवायला हवे होते.

ज्यांना येथे जायचे आहे त्यांनी मे-जूनमध्येच जावे आणि पासपोर्टवरील येण्याजाण्याच्या शिक्क्यांच्या प्रती सोबत न्याव्यात, कारण निवासी की अनिवासी हे ठरवणाऱ्या, भारतातील वास्तव्याच्या १८२ दिवसांचा हिशेब मॅडम तोंडी माहितीवर न सोडता तारखा पाहून स्वतः करतात.