24 व्होल्ट सांगून 12 ची स्ट्रिप: छताच्या लाइटमध्ये आम्ही कसे फसलो

पुण्यात सध्या फ्लॅट सजवणाऱ्यांना एक पॅकेज विकलं जातंय. पीओपीच्या छतात एलईडी स्ट्रिप, एका दिवसात काम, भिंत फोडायची नाही, वेगळा वायरमन नको, कारण सगळं ‘लो व्होल्टेज’. धायरीतल्या आमच्या हॉलसाठी हेच पॅकेज घेतलं आणि 38,000 रुपये गेले. त्या माणसाचं नाव इथे लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे. पण त्याची बोलायची पद्धत लिहिते. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी असं बोलताना दिसलं तर ओळखता येईल.

त्याचं प्रत्येक वाक्य अर्धं खरं असायचं. “ताई, लो व्होल्टेजला शॉक लागत नाही.” खरं आहे, 12 किंवा 24 व्होल्टच्या वायरीला हात लागला तरी सहसा काही होत नाही. पण घरच्या विजेचं व्होल्टेज उतरवून स्ट्रिपला देणारी जी पेटी असते, म्हणजे ड्रायव्हर, त्याच्या दुसऱ्या बाजूला घरातलेच 230 व्होल्ट येतात, ते तो बोलला नाही. “व्होल्टेज कमी, म्हणून बारीक वायर चालते.” हे मात्र सपशेल उलटं.

हॉलच्या चारही बाजू मिळून 15 मीटर स्ट्रिप बसली. मीटरला 14.4 वॅट असं कोटेशनवर होतं, म्हणजे एकूण 216 वॅट. एवढा लोड 230 व्होल्टवर जेमतेम 1 अँपिअर घेतो. 24 व्होल्टवर तोच 9 अँपिअर होतो आणि 12 व्होल्टवर 18. घरचा गीझरसुद्धा एवढा करंट घेत नाही. व्होल्टेज जितकं कमी, तितकी वायर जाड लागते. म्हणून तर मी व्हॉट्सॲपवर विचारलं होतं, “24 व्होल्टचीच ना?” त्याचं उत्तर आजही फोनमध्ये आहे: “होय ताई, 24 चीच. ब्रँडेड.”

काम खरंच एका दिवसात झालं. पोरं चटपटीत होती, जाताना झाडूही मारून गेली. गणपतीत आलेल्या प्रत्येकानं मान वर करून कौतुक केलं. दसऱ्याच्या आसपास खिडकीकडची बाजू मिणमिणायला लागली आणि चालू केल्यावर अर्ध्या तासानं सगळेच लाइट लुकलुकायला लागले. फोन केला तर म्हणाला, “तुमच्याकडं महावितरणचं व्होल्टेज डाऊन असणार.” बरा ड्रायव्हर आत येणारं व्होल्टेज थोडंफार कमीजास्त झालं तरी बाहेर ठरलेलंच व्होल्टेज देतो, त्याचं कामच ते. शिवाय शेजारच्यांचे लाइट ठणठणीत होते. पुढच्या फोनला “साइटवर आहे”, आणि नंतर फोन उचलणंच बंद.

खालच्या मजल्यावरचे काका भोसरीच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला होते, आता रिटायर आहेत. ते मल्टिमीटर घेऊन आले. ड्रायव्हर बघायचा तर छताला झाकणच नाही! झाकणानं लुक जातो म्हणून त्या माणसानं ड्रायव्हर पीओपीच्या वर टाकून छत बंद करून घेतलं होतं. शेवटी पीओपी कापावा लागला. बंद पडायची शक्यता जास्त असलेली वस्तू म्हणजे ड्रायव्हर, आणि तीच कायमची पुरलेली.

हाताला आली ती जाळीची पत्र्याची पेटी. काकांनी पत्र्याला टेस्टर लावला तर टेस्टरचा दिवा लागला, म्हणजे पत्र्यात करंट उतरलेला. अर्थिंगची वायर जोडलेलीच नव्हती, फेज आणि न्यूट्रल दोनच वायरी आत गेलेल्या. पेटीवर चकचकीत स्टिकर: 24 व्होल्ट, 15 अँपिअर. एका कोपऱ्यात तो जरा उचललेला दिसला. मेन बंद करून काकांनी नखानं सोलला, तर खाली दुसरा, मूळचा: 12 व्होल्ट, 10 अँपिअर. म्हणजे 120 वॅटची पेटी 216 वॅटच्या कामाला जुंपलेली. जाणकार ड्रायव्हरवर एकूण क्षमतेच्या 80 टक्क्यांहून जास्त लोड टाकत नाहीत, म्हणजे इथे किमान 270 वॅटचा हवा होता.

“अगं, ही वायर बघ,” म्हणून काकांनी ब्लेडनं तार खरवडली. वरचा तांबूस रंग गेला आणि आतून पांढरी तार निघाली. तांब्याचा नुसता मुलामा, आत ॲल्युमिनियम. तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा ॲल्युमिनियमचा रोध दीडपटीहून जास्त असतो. वायर आधीच बारीक, त्यात हे. सांध्यांना नुसता पीळ देऊन काळी टेप गुंडाळलेली होती आणि एका सांध्याची टेप वितळून चिकट झाली होती. छतात सुकं प्लायवूडही आहे, पुढचं मी बोलत नाही.

मग टॉर्च मारून स्ट्रिप पाहिली. कापायच्या खुणेशी कात्रीचं चिन्ह असतं, त्याच्या बाजूला बारीक अक्षरात 12 व्होल्ट छापलेलं होतं. खालून ते कधीच दिसलं नसतं. 5 मीटरची तीन रिळं एकापुढे एक जोडून एकाच टोकातून करंट सोडलेला. 12 व्होल्टची अशी स्ट्रिप साधारण 5 मीटरपुढे सलग चालवत नाहीत, कारण तिच्यातली तांब्याची पट्टी कागदासारखी पातळ असते आणि पुढे जाता जाता व्होल्टेज पडत जातं. ड्रायव्हरपाशी मल्टिमीटरनं 11.8 व्होल्ट दाखवले, खिडकीच्या टोकाला 9.4. महावितरणला उगाच शिव्या खाव्या लागल्या.

वरच्या स्टिकरवर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि ‘आर’नं सुरू होणारा नंबरही होता. एलईडी ड्रायव्हरना बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे, मानक आयएस 15885. बीआयएस केअर ॲपमध्ये तो नंबर टाकला तर भलत्याच कंपनीचं भलतंच उत्पादन निघालं. ही तपासणी फुकट आहे आणि मिनिटभराची आहे, फक्त ड्रायव्हर छतावर जायच्या आधी करायला मिळाली पाहिजे. त्या दिवशी मी माल बघायला मागितला होता. “खोक्यांचा कचरा नको म्हणून खालीच टाकले ताई,” असं उत्तर मिळालं होतं. आता कळतंय खोकी खाली का राहिली.

नवं काम काकांच्या ओळखीच्या परवानाधारक वायरमननं केलं. माल आम्ही स्वतः तपकीर गल्लीतून आणला, पक्क्या बिलावर. 24 व्होल्टची स्ट्रिप, मागे ॲल्युमिनियमची पट्टी (प्रोफाइल), त्यामुळे उष्णता बाहेर जाते. दोन ड्रायव्हर, एक टीव्हीच्या पॅनेलमागे आणि एक कपाटावर, दोन्ही हात पोचेल असे. प्रत्येक रिळाला ड्रायव्हरपासून स्वतंत्र तांब्याची 1.5 चौरस मिलिमीटरची वायर, आणि अर्थिंग. गंमत म्हणजे हेही काम एका दिवसातच झालं. लो व्होल्टेजचं काम सोपं असतं हे खोटं नाहीच. त्या सोपेपणाच्या नावाखाली त्यानं जाड वायर, अर्थिंग, झाकण आणि पुरेसा ड्रायव्हर एवढं सगळं वगळलं आणि पैसे मात्र पूर्ण घेतले.

पैशांचं सांगते. त्यानं पक्कं बिल दिलंच नाही, ‘जीएसटी वाचेल’ म्हणाला. यूपीआयनं पैसे घेतले ते तिसऱ्याच नावाच्या खात्यात. पण व्हॉट्सॲपवरचं कोटेशन, तो ‘24 चीच’ मेसेज, पेमेंटचे स्क्रीनशॉट आणि सोललेल्या स्टिकरचे फोटो आहेत. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली. तिथे दाद नाही मिळाली तर जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरलंय. 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही आणि तक्रार करायची मुदत 2 वर्षांची आहे. जुना ड्रायव्हर, वायरीचे तुकडे आणि स्ट्रिप पिशवीत बांधून ठेवलीय. भंगारवाल्याला काही देऊ नका, पुरावा तोच आहे.

परवा नऱ्ह्याच्या एका मैत्रिणीनं तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलेली जाहिरात पाठवली. नंबर नवा, नाव नवं, ‘एका दिवसात छत उजळा’ हे शब्द तेच. सोबतचा हॉलचा फोटोही तोच, जो आम्हाला ‘बावधनच्या साइटचा’ म्हणून दाखवला होता. आता तो बाणेरचा झालाय. पांढऱ्या छतात गोल खाच, मधोमध तपकिरी पंखा, डावीकडे हिरवा सोफा. दिसला तर आधी ड्रायव्हर हातात मागा.