घाटातला पाऊस की पाणंदीतला चिखल? जुनी फोर-बाय-फोर घेण्याआधी

कोल्हापुरात जुनी फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी घ्यायची म्हटलं की पहिलं नाव थारचं निघतं. पण त्याआधी हे ठरवा, की तुमची गाडी नेमकी कुठं घसरते? गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना भिजलेल्या रस्त्यावर, की जुलैत शेताकडच्या पाणंदीत, जिथं ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोऱ्यांत गाडी पोटावर टेकते? या दोन ठिकाणी दोन वेगळ्या गाड्या कामाला येतात.

घाटासाठी माझं मत रेनो डस्टर एडब्ल्यूडीला (ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे गरज पडली की चारही चाकांवर चालणारी). ही २०१४ साली आली. १.५ लिटर डिझेल इंजिन, सहा गिअर आणि मागं स्वतंत्र सस्पेन्शन. साध्या डस्टरला ते नव्हतं. एरवी ही गाडी पुढच्या चाकांवर चालते. बटण ‘ऑटो’वर ठेवलं आणि चाक घसरायला लागलं, की ताकद आपोआप मागं जाते. घाटात एका वळणावर डांबर, पुढच्या वळणावर दरडीची माती, त्यापुढं खडी असते. तिथं चालकाला काहीच बदलावं लागत नाही.

जुन्या थारचं तसं नाही. २०१० ते २०२० मधल्या सीआरडीई (डिझेल) थारला मधलं डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा भाग, नाही. लिव्हर फोर-एचमध्ये टाकली की पुढची-मागची चाकं एकत्र बांधली जातात. घट्ट डांबरावर वळताना ती एकमेकांशी झगडतात, स्टिअरिंग जड होतं आणि ट्रान्सफर केसवर (ताकद पुढं-मागं वाटणाऱ्या पेटीवर) ताण येतो. म्हणून घाटात बहुतेक जण ती टू-एचमध्येच चालवतात, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर. ओल्या वळणावर आधार हवा असतो, नेमका तेव्हाच तो नसतो. शिवाय एअरबॅग नाहीत आणि मागची बाकं आडवी, म्हणजे माणसं एकमेकांसमोर बसतात. आईवडिलांना घेऊन कोकणात जाणाऱ्यानं याचा नीट विचार करावा.

पाणंदीत मात्र हिशेब उलटतो. शिरोळकडची काळी माती भिजली की टायरला लपेटते. तिथं गाडी हळू, पण जोरानं ओढावी लागते, आणि थारचा लो-रेंज गिअर तेच काम करतो. २०१५ नंतरच्या गाडीत मागचं डिफरन्शियल आपोआप लॉक होण्याची, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्र फिरण्याची सोय आली. मिळाली तर तीच घ्या. डस्टरला लो-रेंज नाही. पहिला गिअर मुद्दाम छोटा ठेवलाय, तरी खोल चिखलात क्लचचा वास येतोच. दुरुस्तीतही थारच पुढं: कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रींना तिचं काम अंगवळणी पडलेलं आहे. डस्टरच्या इंजिनाचे भाग मिळतात, पण एडब्ल्यूडीच्या कपलिंगसाठी, म्हणजे मागच्या चाकांना ताकद जोडणाऱ्या भागासाठी, शोधाशोध करावी लागते. तिचा टायमिंग बेल्ट (इंजिनातला रबरी पट्टा) कधी बदलला याची पावती मागा. तो तुटला तर इंजिनच जातं.

बजेट वाढवता आलं तर २०२३ नंतरची मारुतीची जिम्नी बघा. लो-रेंज, ईएसपी (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) आणि सहा एअरबॅग हे सगळं तिच्यात आहे. पण माणसं चारच बसतात आणि डिझेल मिळत नाही. २०२० नंतरची नवी थारही चांगली, ग्लोबल एनकॅपच्या टक्कर-चाचणीत तिला चार तारे मिळालेत. फक्त २०२३ पासून तिची नुसती मागच्या चाकांवर चालणारी आवृत्तीही विकली जाते. गिअरशेजारी दुसरी लिव्हर आहे ना, हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. डस्टर तर खाली वाकूनच बघा: मागच्या चाकांकडं जाणारा शाफ्ट दिसला पाहिजे. मागच्या दारावरचा बिल्ला कुणीही चिकटवतो.

आपल्या भागात सगळ्यात मोठा धोका पुराच्या गाडीचा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेकाठच्या कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आत गाळाची रेघ असेल तर ती शेवटच्या हातभरात सापडते. सीटखालच्या रुळांवरचा गंज, गालिच्याखालचा कुबट वास, स्टेपनीच्या खड्ड्यातली माती बघा. फोर-बाय-फोरमध्ये आणखी एक तपासणी हवीच. लिफ्टवर घेऊन दोन्ही डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसचं ऑइल थोडं काढायला सांगा. ते ताकासारखं पांढरट निघालं तर आत पाणी गेलंय. विकणारा यालाच नाही म्हणत असेल तर तिथून निघा. डस्टरचं कपलिंग विजेवर चालतं आणि खाली मागं बसवलेलं असतं, त्यामुळं पुरात बुडालेली डस्टर कितीही स्वस्त असली तरी नकोच.

दिल्लीहून आलेल्या डिझेल गाड्या स्वस्त दिसतात, कारण तिथं दहा वर्षांपुढची डिझेल गाडी चालवायला बंदी आली होती. एनओसी (तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला) आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स धरून मगच किंमत ठरवा.

शेवटी चार नव्या टायरचे पैसे बाजूला ठेवा. एडब्ल्यूडीला चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले लागतात, नाहीतर कपलिंग तापतं. आणि चारही चाकांना ताकद असली तरी ब्रेक लावल्यावर त्याचा उपयोग नाही. करूळच्या उतारावर गाडी थांबवतात ते टायरच.